तपासून दिलेली बिस्किटं

बाबांच्या टेबलावर ती बरणी दिसली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावर खाण्याच्या वस्तूला जागाच नसते. एक कण जरी चक्रात गेला तरी घड्याळ बसतं, हे त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणी कान पकडून शिकवलं होतं. आणि आता चिमटे, काटे, स्प्रिंगा यांच्या शेजारी काचेची बरणी, झाकणाला हिरवी फीत, आत तपकिरी गोळ्या.

"ही कोणी दिली?" पर्स खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं.

"वरच्या बाईंनी. सणाची भेट आहे." बाबा डोळ्याला भिंग लावून बसले होते, मान वर न करताच म्हणाले. "घरी केल्यात त्यांनी. साखर घातलेली नाही."

साखर घातलेली नाही. हे असलं बोलणं मी दिवसभर ऐकते. मी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी, जे जे माणसाच्या अंगातून निघतं ते माझ्या टेबलावर येतं, आणि त्याच्याबरोबर त्या माणसाचं म्हणणंही येतं. मॅडम, मी गोड कधीच सोडलंय. मॅडम, काल रात्रीपासून पाण्याचा घोट नाही घेतला. नंतर बाटली उघडली की खरं काय ते कळतं. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस तोंडाकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघायला लागतो. घरचे मला संशयी म्हणतात. मला पगारच त्याचा मिळतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलंय.

या वेळी मात्र संशयाला कारण होतं. बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. भिंग ज्या डोळ्याला लावायचं तोच डोळा. डाव्या डोळ्याला भिंग लावून बघितलं त्यांनी, पण जन्मभराची सवय, हात त्या डोळ्याचं ऐकेना. गिऱ्हाइकांची घड्याळं परत जायला लागली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रक्तातली साखर खाली आणा, मग मी हात लावतो, तोवर नाही. एकदा ऑपरेशनची तारीख ठरून रद्द झाली होती. आता सण झाल्यावरची तारीख मिळाली होती, आणि त्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट चांगला यायलाच हवा होता. म्हणजे नेमके सणाचे दिवस सांभाळायचे, जेव्हा सगळं जग एकमेकांच्या तोंडात काहीतरी कोंबत असतं.

बाबा एकटे राहतात. मी दोन गल्ल्या सोडून राहते, लॅबमधून घरी जाताना रोज त्यांच्याकडे डोकावते. दादा आणि वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, ते रविवारी येतात. बाबांच्या घरातला साखरेचा डबा मी स्वतः उचलून नेला होता. कपाटं झाडून काढली होती. खालच्या किराणावाल्याला दम भरून ठेवला होता. आणि एवढं सगळं करून ही हिरव्या फितीची बरणी जिन्यावरून खाली उतरून आली होती.

वरच्या बाई म्हणजे शाळेतल्या व्यायामाच्या निवृत्त शिक्षिका. उंच, सडसडीत, पांढरे केस कापलेले. मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणत असे, कारण त्या साधं बोलतानासुद्धा समोर पन्नास पोरं रांगेत उभी असल्यासारख्या बोलत. वर्षभरापूर्वी त्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. आल्यापासून त्यांनी बाबांना ताब्यातच घेतलं होतं. जेवण झालं की बसायचं नाही. ताट लहान घ्यायचं. आधी भाजी, मग बाकीचं. घास चावून खायचा. आणि रोज संध्याकाळी लवकर जेवून दोघं फिरायला जायचे, नदीच्या बाजूच्या रस्त्यानं पुलापर्यंत आणि परत.

"आईनं जन्मभर सांगितलं तेव्हा एकदाही उठला नाहीत तुम्ही जेवणावरून," मी बाबांना एकदा म्हटलं होतं.

"तुझी आई सांगायची. ह्या दारात येऊन उभ्या राहतात," ते म्हणाले. आणि हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

त्या दिवशी मी बरणी उघडून एक गोळी तोडून बघितली. खजूर, अक्रोड, कसलंसं बी. जिभेवर टेकवली, चांगली गोड.

"बाबा, ही गोड आहे."

"खजूर आहे ना. एकच खायची असते, फिरून आल्यावर. बाईंनी नेम घालून दिलाय."

"आणि तुम्ही एकच खाता?"

"नेम आहे म्हटलं ना."

घरी जाऊन मी दादाला फोन लावला. त्याला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. एकटी बाई, भाड्याचं घर, खाली एकटा म्हातारा, स्वतःचं घर असलेला. बरण्या काय, फिरणं काय.

"अगं, म्हातारा फिरायला जातोय हे चांगलंच आहे की," दादा म्हणाला. "तुला सगळीकडे चोरच दिसतात."

"मग तू येऊन बघ जरा रोज."

यावर त्यानं विषय बदलला. रोज बघायचं म्हटलं की तो नेहमीच विषय बदलतो.

रविवारी ते दोघं आले, आणि वहिनीच्या हातात पत्र्याचा डबा होता. तिनं बाबांसाठी बिस्किटं केली होती. वहिनी तशी भित्री आहे. माझ्यासमोर तर ती नेहमी परीक्षेला बसल्यासारखी बसते. डबा टेबलावर ठेवत म्हणाली, "ताई, बिनसाखरेची करायचा प्रयत्न केलाय हं. सणाचं सगळे खातात आणि बाबांनी नुसतं बघत बसायचं, बरं नाही वाटत." तिची नजर माझ्याकडे नव्हती. ते मी टिपलं, पण वहिनीची नजर माझ्याकडे कधीच नसते.

तेव्हा मला कल्पना सुचली. फार हुशारीची वाटली, हे आता सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, भांडण नको, वाद नको. दोन्हींचे नमुने घेऊन जाते आणि लॅबमध्ये तपासते. जे निघेल ते निघेल. मग कोणी म्हणायला नको की मी मनात आकस ठेवून बोलते. वहिनीचा चेहरा उतरला. बाबा म्हणाले, "खाण्याच्या वस्तू तपासायला देतात का कुठे?" पण मी एक गोळी आणि एक बिस्किट कागदात बांधूनच निघाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते केलं. दोन परीक्षानळ्यांत दोन्हींचा चुरा, त्यात पाणी, हलवलं, गाळलं, आणि लघवीतली साखर बघायच्या दोन पट्ट्या घेऊन बुडवल्या. रोज अशा किती पट्ट्या बुडवते त्याची गणती नाही. साखर नसली तर पट्टीवरचा चौकोन निळसरच राहतो, असली तर हिरवा होत होत तपकिरी होतो. हात आपोआप चालतो, डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं. त्या दिवशी बहुतेक मी ते घरीच ठेवून आले होते.

आमच्या लॅबमध्ये रक्त काढणारा एक जण आहे, त्याला सगळे डास म्हणतात. तोही त्या नावाला ओ देतो. तो डबा खाता खाता माझ्या मागून डोकावला. "कोणाचा पेशंट, मॅडम? लघवीत अक्रोड दिसतोय."

"गप जेव."

गोळीची पट्टी बघता बघता तपकिरी झाली. बिस्किटाची जागची हलली नाही, निळी ती निळीच. मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा बघितल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जे मी म्हणत होते तेच निघालं होतं, आणि तेही रंगासकट.

संध्याकाळी जिन्यातच शिट्टीबाई भेटल्या. पायात फिरायचे बूट, बाबांना बोलवायला निघाल्या होत्या. मी त्यांना तिथेच थांबवलं आणि पर्समधून कागद काढून ती वाळलेली पट्टी दाखवली. सांगितलं, तुमच्या गोळ्यांत इतकी साखर आहे की माणसाच्या लघवीत निघाली असती तर आम्ही त्याला घरी सोडला नसता.

त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही माझ्या भेटीची लघवीसारखी तपासणी केलीत?"

"वडिलांच्या डोळ्याचा प्रश्न आहे."

"खजूर आहे तो. गोड असणारच. वरून साखर घातली नाही, एवढंच मी म्हटलं होतं. आणि एक गोळी, तीही एवढं चालून आल्यावर. तुम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टरांना काय विचारायचं ते मी बघते. तुम्हाला माझ्या वडिलांच्या घरात एवढा रस का आहे, तेवढं सांगा."

हे बोलायला नको होतं. बोलताना कळत होतं की नको, तरी बोलले. तोवर बाबा दार उघडून उभे होते, अंगात स्वेटर, हातात टोपी, फिरायला जायच्या तयारीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील. शिट्टीबाई वळल्या आणि जिना चढून गेल्या, आणि वर त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. बाबांनी फक्त टोपी परत खुंटीला अडकवली.

बरणी मी उचलली. वहिनीचा डबा मात्र टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, "हे खा बिनधास्त. मी स्वतः तपासलंय."

बाबांनी एक बिस्किट उचललं, चावलं, आणि बराच वेळ चावत राहिले. "तू तपासलंस?"

"लॅबमध्ये. काही नाही त्यात."

"बरं," ते म्हणाले आणि दुसरं उचललं.

वहिनीला मी त्याच दिवशी फोन करून निकाल सांगितला. ती म्हणाली, "काहीच नाही निघालं? नक्की ना, ताई?" मी म्हटलं, "आमच्याकडे नक्की नसतं ते लिहितच नाही." तिचा जीव भांड्यात पडल्याचं फोनवरसुद्धा कळलं. त्यानंतर दर रविवारी डबा भरून येऊ लागला, आणि बिस्किटं आधीपेक्षा खुसखुशीत लागतात असं दादा म्हणाला.

सण आला तसा गेला. मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. शेजारपाजारच्यांच्या भेटी दारातूनच परत पाठवल्या. लोक नाराज झाले तर होऊ देत. बाबांचं फिरणं बंद झालं होतं, पण मी म्हटलं तेवढ्यानं काय होतंय, खाणं महत्त्वाचं. ते संध्याकाळी खिडकीशी बसत. कामही कमीच करत. माझ्याशी बोलत, पण विचारलं तेवढंच.

मग रिपोर्ट आला. मीच केला, माझ्याच हातानं, त्यामुळे कोणाला दोष देता येईना. साखर खाली यायची ती वर गेली होती, आणि चांगलीच. मी दुसऱ्यांदा करून बघितला. तेवढीच.

डॉक्टरांनी तारीख पुन्हा पुढे ढकलली. म्हणाले, अशा साखरेवर डोळा उघडला तर जखम चिघळेल, आहे तेवढीही नजर जाईल. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी येऊन सांगितल्यावर म्हणाले, "बरं." मला त्या "बरं"चा इतका राग आला. माणूस इतक्या शांतपणे बरं म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी माहीत असतं. माझी खात्री झाली, हे चोरून खातायत. आणि देणारी वरच आहे.

मग मी कसलीच लाज ठेवली नाही. ते झोपलेले असताना स्वेटरचे खिसे उलटे केले. घड्याळांच्या खोक्यांत हात घालून बघितला. कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली. एकदा कामावरून लवकर सुटून समोरच्या औषधांच्या दुकानात उभी राहिले आणि बाबांच्या दारावर नजर ठेवली. दुकानदारानं विचारलं, कोणाची वाट बघताय, मी म्हटलं, औषध आठवतेय. बाबा बाहेर आले, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले, कठड्याला हात लावून थोडे थांबले आणि परत आत गेले. शिट्टीबाई खिडकीतसुद्धा दिसल्या नाहीत. खिशांत काही नव्हतं. कचऱ्यात काही नव्हतं. चोरी कुठे होतेय याचा छडा लागत नव्हता, आणि डबा माझ्यासमोर टेबलावर होता.

डासनं ते कोडं सोडवलं. अर्थात त्याला ते कळलंही नाही.

सकाळची गर्दी ओसरली होती, चहा आला होता. डासला आमच्या डॉक्टरीणबाईंनी साखर कमी करायला सांगितली होती, त्यावरून सगळे त्याची फिरकी घेत होते. तो म्हणाला, "मी कमीच घेतो. विश्वास नसेल तर मॅडमना तपासायला द्या. त्या अक्रोडसुद्धा तपासतात." सगळे हसले. मीही म्हटलं, आण इकडे. एक पट्टी काढली आणि त्याच्या कपात बुडवली.

पट्टी निळीच राहिली.

"बघा," डास खूष होऊन म्हणाला. "बिनसाखरेचा निघाला."

"किती घातलीस रे?" मी विचारलं.

"चार चमचे. कोणाला सांगू नका."

मी त्याच्या हातातून कप घेतला आणि एक घोट प्यायले. तोंडाला चिकटेल इतका गोड होता. मी दुसरी पट्टी बुडवली. मग पाण्यात नुसती साखर विरघळवून तिसरी. सगळ्या निळ्या. डास विचारत होता काय झालं, आणि मला पहिल्या वर्षाचा वर्ग आठवत होता. या पट्टीला फक्त ग्लुकोज कळतं. खजुरात ते असतं, म्हणून पट्टी रंगली. डब्यातली पांढरी साखर मात्र पट्टीला ओळखताच येत नाही. ती पोटात जाऊन फुटते तेव्हा तिचं ग्लुकोज होतं आणि रक्तात चढतं. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण माझ्या टेबलावर जे येतं ते माणसाच्या पोटातून जाऊन आलेलं असतं, त्यामुळे इतक्या वर्षांत हे आठवायची गरजच पडली नव्हती. बिस्किट अजून कोणाच्या पोटात गेलेलं नव्हतं.

मागच्या बाजूच्या औषधांच्या खोलीत जाऊन मी वहिनीला फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "वहिनी, बिस्किटांत साखर घालतेस का?"

ती म्हणाली, "पहिल्यांदा अगदी थोडी घातली होती, ताई. त्याशिवाय ती धरतच नव्हती, नुसता भुगा. मी सांगणारच होते. पण तुम्ही म्हणालात काहीच निघालं नाही. मला वाटलं, भट्टीत जळून जात असेल. तुम्ही लॅबमधल्या, तुम्हाला जास्त कळतं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "म्हणून पुढे जरा वाढवली. बाबा आवडीनं खात होते."

मी तिला रागावणार होते. तोंड उघडलंही होतं. पण रागवायचं कशावर? तिनं शंभर वेळा विचारलं असतं तरी मी शंभर वेळा छापील उत्तर दिलं असतं. "तुझी चूक नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. ती घाबरलेलीच राहिली असणार, कारण असं वाक्य तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांच्या दारावरून सरळ वर गेले. बेल वाजवली. शिट्टीबाईंनी दार उघडलं. हातात फडकं होतं, मागे टेबलावर एकच ताट मांडलेलं दिसलं. त्यांनी मला आत या म्हटलं नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टीचं, चहाचं, बिस्किटांचं, सगळं. माझं चुकलं म्हणाले. जिन्यात जे बोलले ते तर फारच चुकलं. तुम्ही परत बाबांना फिरायला न्याल का, असं विचारलं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बिस्किटांत साखर आहे, हे मला माहीत होतं."

"तुम्हाला? कसं काय?"

"तुमच्या वडिलांनी सांगितलं. मागे एकदा जिन्यात भेटले तेव्हा. मी म्हटलं, मग मुलीला सांगा. तर म्हणाले, नाही. मला म्हणाले, तुम्हीही सांगू नका." त्यांनी फडक्याची घडी घातली. "मी सांगायला हवं होतं. डोळ्याचा प्रश्न होता. पण मी सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं का?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. "फिरायचं उद्या बघू," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं, हळूच.

जिना उतरताना माझं डोकं पुन्हा पेटलं. म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं. मी खिसे चाचपत होते, कचरा उपसत होते, आणि हे शांतपणे माझ्यासमोर बसून खात होते. डोळा कोणाचा जातोय? माझा? तारीख कोणाची रद्द झाली? मी कुलपात किल्ली घातली तीच तावातावानं.

बाबा टेबलाशी होते. समोर एक लहानसं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. भिंग उजव्या डोळ्याला, आणि बोटं चिमट्यानं काहीतरी चाचपडत होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "बिस्किटांत साखर आहे ते."

त्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा लाल गोल उमटला होता. "जीभ आहे मला. पहिल्याच घासाला कळलं."

"मग सांगितलं का नाही? मी एवढी छाती ठोकून सांगत होते, खा, खा म्हणून. एका शब्दानं म्हणायचं होतं की हे गोड आहे."

"म्हटलं असतं तर काय केलं असतंस?"

"डबा बंद केला असता. दुसरं काय?"

"तेच." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "वरच्या बाईंची बरणी बंद केलीस, तर त्या यायच्या बंद झाल्या. समोरचे काहीतरी घेऊन आले होते, त्यांना तू दारातून परत पाठवलंस, ते आता रस्त्यात तोंड फिरवतात. राहिली सूनबाई. ती बिचारी तुला इतकी भिते की तिला तू तसल्या कागदाची पट्टी दाखवली असतीस ना, तर तिनं या घरात परत पाऊल टाकलं नसतं. ती नाही तर तुझा दादाही नाही. मग माझा रविवारही गेला असता."

"पण बाबा, डोळा."

"हो, डोळा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट मला समजावत असल्यासारखा होता. "त्याचा विचार मी केला ना. रोज करत होतो. पण कोणी येणारच नसेल, तर नीट दिसून तरी मी काय बघू, सांग."

मला म्हणायचं होतं की मी येते ना रोज. ते अगदी जिभेवर आलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी रोज येते ते आधी कपाट उघडते, मग टेबल बघते, आणि त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी. त्यांनी मला मोजलंच नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. इतकं की खुर्ची ओढून बसायचंही सुचलं नाही.

बाबांनी पुन्हा भिंग लावलं आणि चिमटा उचलला. थोड्या वेळानं त्यांचा हात टेबलावर इकडेतिकडे फिरायला लागला, आणि टक् असा बारीकसा आवाज झाला.

"स्क्रू पडला बघ," ते म्हणाले. "या घड्याळाचे फार लहान असतात. तुला दिसतो का?"

मी पर्स खाली टाकली आणि फरशीवर गुडघे टेकून शोधायला लागले. डोळे भरून आले होते, त्यामुळे मलाही काही दिसत नव्हतं. मी हातानंच चाचपत राहिले.